पेंडीपासून पेलेटपर्यंत

बार्शी–सोलापूर रस्त्यावरचं वैराग ही ज्वारी, कडधान्यांची जुनी बाजारपेठ. समुद्र इथून अडीचशे किलोमीटरहून लांब. तरीही इथल्या शेततळ्यातल्या माशाच्या पोटात कोकण-कारवार किनाऱ्याची तारली जाऊ शकते, पेलेटच्या, म्हणजे दाणेदार खाद्याच्या, रूपाने.

या भागाला गोड्या पाण्यातला मासा मुबलक मिळू लागला तो 1980 साली पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे. त्यातल्या चिलापी माशाला कुणी खाऊ घालत नव्हतं. जे काही पोटात जायचं, ते पाण्यातून आणि गाळातून. पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. त्यामुळे माशात जाणाऱ्या जड धातूंचा शोधही आधी पाण्यात आणि गाळातच घेतला गेला.

खाद्याकडे लक्ष जायला वेगळी वाट होती. जुलै 1957 मध्ये ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं. पुढे मत्स्यबीज हवं तेव्हा तयार होऊ लागलं, तळ्यात बोटुकली दाट सोडली जाऊ लागली आणि वरून खाणं देणं भाग पडलं. तांदळाचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड, निम्मं-निम्मं, हा तेव्हाचा सरधोपट हिशेब. पेंडीतला धोका बुरशीचा. 1960 साली अमेरिकेतल्या मत्स्यकेंद्रांत ट्राउट माशांना यकृताचा कर्करोग झाला, तेव्हा माग सरकी पेंडीतल्या अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषापर्यंत पोचला. पाणी स्वच्छ होतं, दोष पोत्यात होता.

2016 नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने तळी वाढली. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात माती नाही, त्यामुळे नैसर्गिक खाद्यही बेताचंच. मासा जगतो तो मुख्यतः पोत्यावर. पेलेटमध्ये फिश मील, म्हणजे माशांची भुकटी, असेल तर समुद्री माशांच्या अंगातला पारा, कॅडमियम आणि आर्सेनिक त्यात उतरतात. खनिज मिश्रणातलं जस्त नीट शुद्ध केलेलं नसेल तर कॅडमियमही सोबत येतं, कारण खनिजात ते दोन्ही एकत्रच सापडतात.

प्रयोगशाळेत हीच गोष्ट आणखी अवघड होते. मूळच्या भारतीय उपखंडातल्या झेब्राफिशवर विषाची मात्रा तपासताना खाद्यातच धातू असला, तर निष्कर्षच डळमळतो.

युरोपीय संघाने 2002 च्या निर्देशाने पशू आणि मत्स्यखाद्यातल्या शिसं, पारा, कॅडमियम, आर्सेनिकला मर्यादा घातल्या. आपल्याकडे तळ्याच्या काठी पोतं फोडणारा शेतकरी प्रथिनं, स्निग्धांश, तंतू आणि ओलावा यांचे आकडे वाचतो. धातूंसाठी मात्र खाद्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.