अर्धे शहाणे नाना

घोडेगावाहून भीमाशंकरला निघालेला रस्ता डिंभे धरणाच्या बाजूने डोंगर चढत तळेघरला येतो. श्रावणात आणि महाशिवरात्रीला या गावावरून पुढे जाणाऱ्या यात्रेकरूंना देवळाच्या शिखराबरोबर नाना फडणीसांचे नाव हमखास ऐकायला मिळते. याच मुलखात उत्तरेला जुन्नरजवळ शिवनेरी आहे. तिथेही नानांची एक आठवण आहे, पण ती कोणी कौतुकाने सांगत नाही. १७९४ मध्ये पेशवेपदासाठी झगडलेल्या राघोबादादांचे मुलगे, बाजीराव आणि चिमाजीअप्पा, नानांनी या गडावर नजरकैदेत ठेवले. शिखर बांधणारे आणि राजघराण्यातली पोरे कोंडणारे हे गृहस्थ ना राजा होते ना सेनापती. हुद्द्याने ते पेशव्यांचे फडणीस होते, म्हणजे दफ्तर सांभाळणारे. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत सखारामबापू बोकील, विठ्ठल सुंदर आणि देवाजीपंत चोरघडे हे पूर्ण शहाणे, आणि तलवार चालवत नव्हते म्हणून नाना अर्धे. लोकांनी केलेली ही मोजणी मला फार नेमकी वाटते. नानांची सारी ताकद त्या कागदावरच्या अर्ध्यात होती आणि त्यांचा शेवटही तिथेच ठरला होता.

बाळाजी जनार्दन भानू हे त्यांचे मूळ नाव. जन्म १७४२, साताऱ्याचा. घराणे कोकणातले. आजोबा बाळाजी महादेव यांच्यापासून फडनिशी घरात चालत आली. पुण्याच्या हुजूर दफ्तरात दोनशेच्या वर कारकून मोडीत बोरू चालवत. परगण्यांचे ताळेबंद, सरंजामाच्या याद्या, किल्ल्यांचा खर्च, इनामांच्या सनदा, सगळे तिथून जाई आणि रुमालात बांधून राही. त्या काळातली एखादी सनद हातात घेऊन पाहावी. मजकुराची शेवटची ओळ संपते तिथेच, बोटभरही जागा न सोडता, ‘लेखनसीमा’ असा छोटा शिक्का असतो, कारण त्याखाली मागाहून कोणी ओळ घुसडू नये. अख्ख्या राज्याच्या व्यवहाराची सीमा अशी रोज आखणाऱ्या दफ्तराला कोणाकडे किती बाकी आहे, कोणाला काय कबूल केले आहे आणि कोण खोटे बोलतो आहे, हे सेनापतीच्या आधी कळते.

यावर कोणी म्हणेल, फडनिशी तर आजोबा-वडिलांकडेही होती, मग ते का मोठे झाले नाहीत? प्रश्न रास्त आहे. उत्तर धन्याकडे पाहिल्यावर मिळते. पेशवे थोरले माधवराव स्वतः हिशेबात लक्ष घालत. अशा धन्याजवळ फडणीस हा फडणीसच राहतो. १७७४ मध्ये सवाई माधवराव पुरंदरावर जन्मले आणि चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. सही ज्याच्या नावाने व्हायची तो पाळण्यात होता. त्याच्या नावाचा अर्थ ठरवणे लेखणीवाल्यांकडे आले. अर्थात बारभाईंत, म्हणजे या बाळाच्या नावाने कारभार पाहणाऱ्या मंडळात, नाना एकटे नव्हते. वयाने आणि मानाने सखारामबापू मोठे होते. पण बापूंनी राघोबांशी धागा ठेवला होता, तो पत्रव्यवहार उघडा पडला, १७७९ मध्ये ते कैद झाले आणि रायगडावर वारले. पूर्ण शहाण्याला कागदांनीच बुडवले. नानांनी मात्र दरबारोदरबारी वकील बसवून खबर मिळवली, आणि १७८० मध्ये निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एका बाजूला आणण्याची जुळणी केली, तीही पत्रांनीच.

त्या कारभाराची काळी बाजू शिवनेरीवर दिसते आणि ती झाकण्यात अर्थ नाही. एकोणीस वर्षांच्या बाजीरावाने पहाऱ्यावरच्या बळवंतराव नागनाथाला वश करून पुण्याला चुलतपुतण्याकडे, सवाई माधवरावांकडे, निरोप धाडले. त्यांचा आशय एवढाच, की आपण दोघेही कैदीच, तुम्ही पुण्यात आणि मी इथे. नानांना ते कळले. बळवंतराव कैदेत गेला, आणि वीस वर्षांच्या पेशव्याला, म्हणजे आपल्या धन्याला, नानांचे कठोर बोल ऐकावे लागले. घरभेद पुन्हा उभा राहू नये म्हणून हे करावे लागले, असे नानांच्या बाजूने म्हणता येईल, आणि राघोबांचा इतिहास पाहता त्यात तथ्यही आहे. तरी वयात आलेल्या धन्याची खासगी पत्रेसुद्धा फडणिसाच्या हाताखालून जावीत, ही राखण नव्हे. धन्याला मोठा होऊ न देणारा चाकर स्वतःच्या पायाखालची जमीन उकरतो.

पुरावा लगेच मिळाला. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाचा पराभव झाला तेव्हा नाना कळसावर होते; ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यातून पडून वारले आणि ज्याच्या नावाने लिहायचे ते नावच संपले. ज्याला कोंडले तोच बाजीराव गादीवर आला. महाडला राहून केलेल्या कारस्थानाने नाना एकदा परतले खरे, पण १७९७ च्या अखेरीस दौलतराव शिंद्यांच्या माणसांनी त्यांना धरून अहमदनगरच्या किल्ल्यात टाकले. वीस वर्षे राज्य हलवणाऱ्याजवळ त्या दिवशी स्वतःची फौज नव्हती. घोडेगाव-तळेघर ज्यात येतात त्या आजच्या आंबेगाव तालुक्याचे उदाहरण इथे आठवते. शरद पवारांचे स्वीय सहायक राहिलेले दिलीप वळसे-पाटील १९९० मध्ये इथून आमदार झाले, पुढे विधानसभेचे अध्यक्ष आणि गृहमंत्रीही. विश्वासू सहायकाला मतदारांकडून स्वतःचा अधिकार मागण्याची वाट आज खुली आहे. नानांना ती नव्हती; धन्याचे नाव गेले की त्यांच्याजवळ फक्त माहिती उरत होती.

१३ मार्च १८०० रोजी नाना पुण्यात वारले. त्यांच्याबरोबर मराठी राज्यातला विवेक आणि संयम गेला, असे पुण्यातला इंग्रज रेसिडेंट पामरने कळवले. १८०२ च्या अखेरच्या दिवशी बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. मामलती मक्त्याने, जास्त बोलणाऱ्याला, जाऊ लागल्या. मक्तेदाराने रक्कम भरली की त्याचा ताळेबंद मागायचे कारण उरले नाही, आणि हुजूर दफ्तरातले कागद विस्कळीत होत गेले.