खरूज : दीडशे वर्षे दुर्लक्षित राहिलेला किडा

“डॉक्टर, उष्णता वाढली आहे, रात्री अंग खाजतं,” असं सांगत घरातला एक जण दवाखान्यात येतो. “घरी अजून कुणाला खाज आहे का?” असं विचारलं की तो जरा थांबतो आणि म्हणतो, “हो, धाकट्यालाही आहे.” निम्मं निदान तिथेच होतं. ही बहुतेक वेळा खरूज असते.

हा रोग आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत ‘पामा’ आणि तिचं तीव्र रूप ‘कच्छू’ यांचं वर्णन आहे. त्यात हात, पाय आणि नितंबावरचे दाहक फोड सांगितले आहेत, ते आजच्या खरजेशी बरेच जुळतात. आपल्या पनवेलला 1872 मध्ये धूतपापेश्वर कारखाना सुरू झाला, त्याच्याही कितीतरी आधीपासून वैद्य त्वचारोगांवर गंधक वापरत होते. खरजेवर गंधकाचं मलम आजही चालतं.

पण खरूज होते कशाने? युरोपात शतकानुशतकं उत्तर होतं, “रक्त बिघडल्याने.” 1687 मध्ये इटलीतील लिव्होर्नोचे डॉक्टर बोनोमो आणि औषधविक्रेते चेस्टोनी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली खरजेचा किडा पाहिला. गरीब बायका आपल्या मुलांच्या अंगातून सुईने काहीतरी काढतात, हे पाहून त्यांनी शोध घेतला होता. मोठ्या वैद्यांनी मात्र ते मानलं नाही. अखेर 1834 मध्ये रेनुची या विद्यार्थ्याने पॅरिसच्या रुग्णालयात सर्वांसमोर सुईने किडा काढून दाखवला. ही युक्ती तो कॉर्सिकाच्या खेड्यातल्या बायकांकडूनच शिकला होता! बायकांना जे दिसत होतं, ते मान्य करायला वैद्यकाला दीडशे वर्षं लागली.

दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील शेफील्ड येथे मेलनबी यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग केले. त्यातून तीन गोष्टी कळल्या. एक, नेहमीच्या खरजेत अंगावर सरासरी दहा-बाराच किडे असतात. दोन, खरूज मुख्यतः त्वचेच्या दीर्घ स्पर्शाने पसरते, पांघरुणातून कमी. तीन, पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. म्हणजे तुमच्या घरात आज ज्याला खाज नाही, त्याच्याही अंगावर किडा असू शकतो.

म्हणून लक्षणं ओळखा. रात्री वाढणारी खाज. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, बेंबीभोवती, कमरेवर, जननेंद्रियांवर बारीक पुरळ. तान्ह्या बाळांना तळहात, तळपाय आणि चेहऱ्यावरही येतं.

1848 मध्ये नॉर्वेत डॅनियलसन आणि बोक यांनी कुष्ठरुग्णांमध्ये खरजेचा एक भयंकर प्रकार नोंदवला. त्यात जाड खपल्या असतात आणि हजारो-लाखो किडे. आपल्या तालुक्यात नेऱ्याला शांतिवन असल्याने कुष्ठरोगात संवेदना जाते हे पनवेलकरांना ठाऊक आहे. खाज जाणवली नाही तर खाजवणंही थांबतं, आणि किडे वाढत जातात. वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही हा धोका आहे. अशा रुग्णाचे कपडे-अंथरूणही मोठ्या प्रमाणात लागण पसरवतात.

पण मला जास्त काळजी मुलांची वाटते. खाजवून झालेल्या जखमांत जंतू शिरतात, पू होतो. काही आठवड्यांनी सकाळी चेहरा सुजलेला दिसला, लघवी कमी किंवा चहाच्या रंगाची झाली, तर मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

उपचार सोपा आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याने परमेथ्रिन मलम मानेपासून तळव्यांपर्यंत रात्रभर लावायचं आणि आठवड्याने पुन्हा. बाळांसाठी पद्धत वेगळी असते, ती विचारून घ्या. घरातल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी लावायचं. कपडे, चादरी गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवायच्या. किडे मेल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते, घाबरू नका.

दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब आणून लावू नका. खाज दबते, किडा वाढत राहतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये खरजेचा समावेश दुर्लक्षित रोगांच्या यादीत केला. निदान आपल्या घरात तरी तिच्याकडे दुर्लक्ष नको. लाजू नका, स्वच्छ घरातही खरूज होते.