अंबाजोगाईचा अपूर्ण विवाह : बीड जिल्ह्यातील मिथके आणि प्रतीके

प्रस्तावना :

मानवी समाजाने आपला भूतकाळ केवळ शिलालेख, ताम्रपट व बखरी यांतूनच जतन केलेला नाही. तो दैवतकथा, स्थळनामे व लोकगीते यांतूनही जतन केला आहे. मिथक म्हणजे खोटी गोष्ट, असा एक समज सुशिक्षितांत आढळतो. तर मिथक हाच इतिहास, असा दुसरा समज श्रद्धाळूंमध्ये आढळतो. हे दोन्ही समज इतिहासलेखनास मारक आहेत. बीड जिल्ह्यात दिंद्रुड, माजलगाव, परळी, अंबाजोगाई या परिसरात मिथकांची समृद्ध परंपरा आहे. त्यांपैकी योगेश्वरी-वैजनाथ विवाहकथेचा प्रतीकदृष्ट्या विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

उद्दिष्टे :

१) योगेश्वरी-वैजनाथ विवाहकथेचे स्वरूप पाहणे.
२) कथेतील प्रतीकांचा सामाजिक अर्थ शोधणे.
३) स्थानिक इतिहासलेखनात मिथकांचे स्थान निश्चित करणे.

कथा आणि वास्तू :

लोकपरंपरेनुसार कोकणातील योगेश्वरी देवीचा विवाह परळीच्या वैजनाथाशी ठरला. देवी वऱ्हाडासह निघाली. परंतु मुहूर्ताची घटिका टळली आणि सारे वऱ्हाड अंबाजोगाई येथे पाषाणरूप झाले. देवी तेथेच कुमारिका म्हणून राहिली. अंबाजोगाईतील शिवलेणी ही वास्तू या कथेचा पुरावा म्हणून दाखविली जाते. लोक तिला 'हत्तीखाना' व 'जोगाईचा मांडव' या नावांनी ओळखतात. खडकात खोदलेल्या या लेण्याच्या प्रांगणात नंदीमंडप व दगडी हत्ती आहेत. लोकमानसाने लेण्याला लग्नमंडप आणि हत्तींना वऱ्हाडाचा लवाजमा मानले. वास्तविक नंदीमंडप व शैव शिल्पे यांवरून हे शिवोपासनेचे स्थान असल्याचे स्पष्ट होते. लेणे खोदणाऱ्यांची स्मृती पुसली गेली, तेव्हा 'हे हत्ती येथे कोठून आले?' या प्रश्नाचे उत्तर कथेने दिले. अर्थात ही कथा लेण्याच्या निर्मितीविषयी काही सांगत नाही. ती सांगणाऱ्या समाजाविषयी मात्र बरेच सांगते.

पाषाणरूप झालेल्या वऱ्हाडाची कल्पना केवळ मराठवाड्यापुरती मर्यादित नाही. इंग्लंडमधील स्टँटन ड्रू येथील प्रागैतिहासिक शिलावर्तुळांविषयी, तसेच बल्गेरियातील कर्दझालीजवळच्या नैसर्गिक खडकांविषयीही गोठलेल्या लग्नाच्या कथा सांगितल्या जातात. इंग्लंडमधील कथेत रविवारचे पावित्र्य मोडून नाचणे हे शिळा होण्याचे कारण आहे. अंबाजोगाईत ते मुहूर्त चुकणे हे आहे. आकृतिबंध समान असला, तरी प्रत्येक समाज त्यात आपल्या नीतिनियमांचा आशय भरतो.

अपूर्ण विवाहाचा अर्थ :

दा. ध. कोसंबी यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' या ग्रंथात मातृदेवता व पुरुषदैवत यांच्या विवाहाचा संबंध दोन मानवी समूहांच्या एकत्र येण्याशी जोडला आहे. हे सूत्र स्वीकारल्यास न झालेल्या विवाहालाही अर्थ प्राप्त होतो. परळी व अंबाजोगाई यांत साधारणतः २५ किलोमीटर अंतर आहे. एक ज्योतिर्लिंगाचे, तर दुसरे देवीचे क्षेत्र. दोन्ही क्षेत्रे इतकी निकट की त्यांत नाते असणे अपरिहार्य. परंतु विवाह पूर्ण झाला असता, तर योगेश्वरी ही वैजनाथाची पत्नी म्हणून दुय्यम स्थानी गेली असती. मुहूर्त टळल्यामुळे नातेही टिकले आणि देवीचे स्वातंत्र्यही टिकले, असे अनुमान करता येते.

या कथेला पूरक अशी दुसरी कथा कोकणात प्रचलित आहे. परशुरामाने कोकणातील तरुणांसाठी अंबाजोगाईहून वधू आणल्या आणि योगेश्वरीला कुलदेवता मानण्याची अट स्वीकारली, असे ती कथा सांगते. एका कथेत देवी कोकणातून येते, तर दुसरीत वधू कोकणात जातात. चित्पावन कुटुंबांचे अंबाजोगाईशी असलेले कुलदैवताचे नाते दोन्ही कथा आपापल्या परीने दृढ करतात.

नाव हेही प्रतीक :

निजामी राजवटीत अंबाजोगाईचे शासकीय नाव मोमिनाबाद होते. याच काळात तेथील राष्ट्रीय विचारांच्या शाळेने योगेश्वरीचे नाव धारण केले. १९३५ साली स्वामी रामानंद तीर्थ या शाळेत आले व पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. शासनाच्या कागदावर एक नाव आणि शाळेच्या फलकावर दुसरे, या विरोधात देवीचे नाव केवळ धार्मिक राहिले नाही. ते प्रादेशिक अस्मितेचे प्रतीक बनले.

मात्र प्रतीके सर्वांची समान नसतात. माजलगाव येथील भीमनगरमधील स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. ओवीच्या आरंभी देवदेवतांना क्रमाने आळविण्याची जुनी रीत या स्त्रियांनी कायम ठेवली; परंतु देवतांच्या जागी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व भगवान बुद्ध यांना आणले. ज्या कथांत व मंदिरांत या स्त्रियांना स्थान नव्हते, त्यांचाच साचा वापरून त्यांनी १९५६ च्या धर्मांतरानंतरची आपली प्रतीकसृष्टी उभारली. जाते तेच, ओवी तीच, दैवत मात्र बदलले.

निष्कर्ष :

१) योगेश्वरीची विवाहकथा हत्तीखान्याचा निर्मितीइतिहास नसून दोन क्षेत्रांतील नात्याचे प्रतीकात्मक निवेदन आहे.
२) अपूर्ण विवाह हे देवीच्या स्वतंत्र स्थानाचे प्रतीक मानता येते.
३) एकच परंपरा राजकीय अस्मितेचे व सामाजिक परिवर्तनाचे साधन होऊ शकते.
४) कथेलाच इतिहास मानल्यास लेणे खोदणारे अनाम कारागीर विस्मृतीत जातात, कथा टाकून दिल्यास ती शतकानुशतके जपणारा समाज विस्मृतीत जातो. म्हणून स्थानिक इतिहासकाराने हत्तीखान्यातील शिल्पे आणि गावातील वृद्धांच्या मुखातील कथा या दोहोंची नोंद स्वतंत्रपणे, परंतु सारख्याच काळजीने करणे आवश्यक आहे.