हिवाळी नालबंदी

हिवाळी नालबंदी : बर्फाच्छादित भूमीवर घोड्याचा पाय घसरू नये व खुरास इजा होऊ नये, म्हणून हिवाळ्यापूर्वी विशेष प्रकारचे नाल ठोकण्याची पद्धती. तिच्या अभावाचे परिणाम नेपोलियनच्या १८१२ मधील रशियावरील मोहिमेत जितके स्पष्ट दिसले, तितके क्वचितच अन्यत्र दिसले असतील.

घोडा मुळात थंडी सोसणारा प्राणी आहे. पोटभर वैरण व वाऱ्यापासून आडोसा मिळाल्यास कडक हिवाळाही तो निभावून नेतो. खरा धोका पायाखाली असतो. झिजून गुळगुळीत झालेला लोखंडी नाल बर्फावर पकड घेत नाही. त्यापेक्षा बिननालाचे खूर बरे. शिवाय नालाच्या आतील पोकळीत बर्फ ठासून बसतो, खुराच्या उबेने किंचित वितळतो व पुन्हा गोठून त्याचा कठीण गोळा बनतो. असा घोडा जणू गोट्यांवर चालतो आणि त्याचे सांधे मुरगळतात. यावरील उपाय जुनेच आहेत : नालाची मागील टोके खाली वळवून त्यांना धार देणे, अणकुचीदार माथ्याचे खिळे मारणे व तळव्यास चरबी फासणे. असे खिळे लवकर झिजत असल्याने ते वारंवार बदलावे लागत.

फ्रान्सला हे ज्ञान अपरिचित नव्हते. क्लोद बुर्झला यांनी स्थापन केलेले, जगातील पहिले मानले जाणारे पशुवैद्यक विद्यालय ल्याँ येथे १७६२ मध्ये सुरू झाले होते. उणीव होती ती पूर्वतयारीची. २४ जून १८१२ रोजी सैन्याने नेमन नदी ओलांडण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्याच्याजवळ दीड लाखाहून अधिक घोडे होते. त्यांपैकी हजारो घोडे पहिल्या काही दिवसांतच वादळी पाऊस व हिरवे, कच्चे धान्य यांमुळे दगावले. म्हणजे हानीचा आरंभ उन्हाळ्यातच झाला. १९ ऑक्टोबर रोजी मॉस्को सोडताना हवा सौम्य होती. बहुधा त्यामुळेच नाल बदलण्याची निकड कोणास भासली नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडू लागला. मिनार यांच्या १८६९ च्या प्रसिद्ध नकाशानुसार ९ नोव्हेंबर रोजी तापमान सु. –११° से., तर १४ नोव्हेंबर रोजी सु. –२६° से. होते. स्मॉल्येन्स्कच्या परिसरातील चढउतारांवर तोफा ओढणारे घोडे पडत आणि उपाशी असल्याने पुन्हा उठत नसत. तोफा व गाड्या मार्गातच सोडाव्या लागल्या. बेरेझिना नदीपर्यंत घोडदळ इतके क्षीण झाले, की ज्या अधिकाऱ्यांजवळ घोडे उरले होते, त्यांचेच एक पथक उभारण्यात आले.

३ डिसेंबरच्या अधिकृत पत्रकात नेपोलियनने काही दिवसांतच ३०,००० घोडे मेल्याचे मान्य केले. दोष मात्र थंडीस दिला. शाही पागेचे प्रमुख कोलँकूर यांचे मत वेगळे होते. ते १८०७ ते १८११ या काळात रशियात राजदूत असल्याने तेथील हिवाळा जाणून होते. त्यांनी शाही पागेतील घोड्यांना वेळीच बर्फाचे नाल ठोकून घेतले होते आणि ते घोडे इतरांच्या मानाने तगले. त्यांच्या आठवणी १९३३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तोपर्यंत थंडीचे निमित्त जनमानसात पक्के रुजले होते. केवळ नालांमुळेच सैन्य बुडाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण उपासमारीचा वाटाही मोठा होता. तथापि एकाच मार्गावरील दोन प्रकारच्या घोड्यांची ही तुलना दुर्लक्षिता येत नाही.

माणसांची भरती काही महिन्यांत करता आली. प्रशिक्षित घोड्यांची तशी करता आली नाही. मे १८१३ मध्ये ल्युट्सेन व बाउट्सेन येथे विजय मिळूनही पुरेशा घोडदळाअभावी नेपोलियनला माघार घेणाऱ्या शत्रूचा पाठलाग करता आला नाही.