खिडकीची बाहेरची बाजू

मागच्या भागात गटाच्या लिक्विड साबणाविषयी बोलले, तेव्हा बऱ्याच जणींनी विचारलं की त्याने खिडकीच्या काचा पुसता येतात का. येतात. कसं ते सांगणारच आहे, पण त्याआधी एक गोष्ट.

आमच्या गटातली एक ताई पुण्याला घरकाम करते आणि महिन्याच्या मीटिंगला गावी येते. दिवाळीच्या आधी मालकीणबाई तिला म्हणाल्या, "मावशी, काचा बाहेरूनही पुसून घ्या." घर सातव्या मजल्यावर. ताई खिडकीच्या कट्ट्यावर चढली, एका हाताने चौकट धरली, दुसऱ्या हाताने पुसायला लागली. साबणाचं पाणी ओघळून तिच्याच पायाखाली आलं आणि पाय सटकला. पडली ती घराच्या आत. कोपर पंधरा दिवस सुजलेलं होतं. "आत पडले म्हणून मीटिंगला आले," असं ती हसत म्हणाली. आमच्यापैकी कुणालाच हसू आलं नाही.

बी.ए.ला माझा इतिहास होता. ताईचं ऐकलं आणि तेव्हा वाचलेला एक जुना कायदा आठवला. आज त्याचीच गोष्ट सांगते.

आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना काच नव्हतीच. लाकडी चौकट, उभे गज आणि दोन झडपा. झडप उघडली की दोन्ही बाजू हाताशी. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या घरांना शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवायचे, त्यातून दुधाळ उजेड घरात यायचा. काचेची खिडकी आणि तिची बाहेरची बाजू पुसायचं काम या दोन्हींचा इतिहास बघायचा तर इंग्लंडला जावं लागतं.

तिथे १६९६ साली सरकारने खिडक्यांवर कर बसवला. घराला सरसकट दोन शिलिंग, आणि दहापेक्षा जास्त खिडक्या असतील तर वर आणखी. लोकांनी काय केलं? खिडक्या विटांनी बुजवून टाकल्या. तिथल्या जुन्या घरांवर अशा बुजवलेल्या खिडक्या आजही दिसतात. पुढे १७४६ मध्ये काचेवरही वजनावर कर आला. साबणावर तर कर होताच. साबण चोरून करू नये म्हणून रात्री कारखान्यातल्या कढयांच्या झाकणांना सरकारी माणूस कुलूप लावून जायचा. म्हणजे उजेडावर कर, काचेवर कर आणि काच धुवायच्या साबणावरही कर!

हे तिन्ही कर मग आठ वर्षांच्या आत गेले. काचेवरचा १८४५ साली, खिडक्यांवरचा १८५१ साली, साबणावरचा १८५३ साली. त्याच १८५१ मध्ये लंडनमध्ये मोठं प्रदर्शन भरलं. त्यासाठी बांधलेल्या एका इमारतीला सुमारे तीन लाख काचा होत्या. काच स्वस्त झाली तशी मध्यमवर्गीयांच्या घरांतही मोठमोठ्या खिडक्या आल्या.

आणि त्या काळ्या व्हायला लागल्या. लंडनमध्ये घरोघरी दगडी कोळसा जळायचा. त्याची काजळी तेलकट असते, नुसत्या पाण्याने निघत नाही. चुलीवरच्या पातेल्याचं बूड घासणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको. काच पुसायला खडूची भुकटी वापरत, आणि चिकट मळाला मऊ साबण.

हा मऊ साबण म्हणजे काय? तेल किंवा चरबी राखेच्या क्षारात शिजवली की जे लोण्यासारखं बुळबुळीत होतं, ते. लाकडाच्या राखेत पोटॅश असतो, त्याचा साबण मऊच राहतो. सोडा वापरला की वडी घट्ट होते. फ्रान्समध्ये १७९१ च्या सुमाराला निकोलस लब्लां याने मिठापासून सोडा करायची रीत काढली आणि पुढे घट्ट साबणाच्या वड्या स्वस्त होत गेल्या. इंग्लंडहून सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या त्या १८८८ साली. तोवर आपल्याकडे रिठा, शिकेकाई, राख आणि खार यांवरच भागत होतं, आणि वाईट काही भागत नव्हतं.

आपण गटात जे लिक्विड करतो त्यात स्लरी असते, म्हणून तो खरा साबण नव्हे, डिटर्जंट आहे. काचेला तो एका अर्थाने बराच. बोअरच्या जड पाण्यात खरा साबण घातला की पांढरा साका धरतो आणि काच वाळल्यावर धुरकट दिसते. अर्ध्या बादलीला एक चमचा लिक्विड पुरे. जास्त घातलं तर फेस काढण्यातच दिवस जातो. ऊन काचेवर असताना पुसू नका, पाणी जागीच वाळून डाग राहतात. साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर शेवटचा हात त्याचा. आणि साबणाचं पाणी कट्ट्यावर सांडलं तर आधी ते पुसा.

आता तो कायदा. इंग्लंडमधल्या त्या खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या होत्या. त्या दरवाज्यासारख्या उघडत नाहीत, त्यामुळे आत उभं राहून बाहेरची बाजू हाताला येत नाही. मग मोलकरणीने कट्ट्यावर बाहेर पाठ करून बसायचं, खिडकी मांड्यांपर्यंत खाली ओढून घ्यायची, आणि अंग बाहेर, पाय आत अशा स्थितीत काच धुवायची. खाली दगडी रस्ता. त्या काळी तिकडे शेतीखालोखाल सगळ्यात जास्त माणसं घरकामात होती, आणि त्यात बहुतेक बाया, कितीतरी तर कोवळ्या मुली.

१८४७ साली तिथे शहरांतल्या पोलीस व्यवस्थेचा एक कायदा झाला. रस्त्यावर मोकाट जनावर सोडणं, सतरंज्या झटकणं अशा बारीकसारीक गुन्ह्यांची त्यात लांबलचक यादी आहे. त्याच यादीत एक कलम असं, की आपल्या नोकराला खिडकीच्या कट्ट्यावर उभं राहून बाहेरून काच पुसायला किंवा रंग द्यायला सांगणाऱ्या घरमालकाला चाळीस शिलिंगांपर्यंत दंड. सूट फक्त तळघराच्या खिडकीला. मला त्यातली खरी गोम वाटते ती पुढे आहे. नुसतं "सांगणाऱ्या" नाही, "करू देणाऱ्या" मालकालाही दंड. म्हणजे "तीच आपणहून चढली, मी कुठे म्हटलं होतं" ही सबब चालायची नाही. खिडक्यांचा कर अजून उठायचा होता, साबणाचाही, त्याच्या आधीच हे लिहिलं गेलं.

यानंतर खूप वर्षांनी हाच प्रश्न आशियातल्या उंच इमारतींत आला. सिंगापूरमध्ये इंडोनेशियासारख्या देशांतून घरकामाला आलेल्या बाया खिडक्या पुसताना पडून मेल्या. तेव्हा २०१२ साली तिथल्या सरकारने नियम केला: खिडकीला जाळी असेल, ती बंद असेल आणि घरातलं कुणी मोठं माणूस लक्ष ठेवत उभं असेल, तरच बाहेरची बाजू पुसायला सांगायची. हाँगकाँगमध्ये २०१७ पासून परदेशी कामगार बायांच्या करारातच कलम आलं. वरच्या मजल्याच्या खिडकीला जाळी हवी, आणि हाताखेरीज अंगाचा कुठलाही भाग कट्ट्याच्या बाहेर जाता कामा नये.

आपल्या महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. पुण्या-मुंबईला कामाला जाणाऱ्या बायांनी त्यात नाव जरूर नोंदवावं. पण ती नोंदणी खिडकीत उभ्या असलेल्या बाईचा पाय धरून ठेवत नाही. आणि शहरातल्या नव्या फ्लॅटच्या खिडक्या बघा, ॲल्युमिनियमच्या, सरकत्या. त्या आडव्या सरकतात, इंग्लंडच्या उभ्या सरकायच्या, एवढाच फरक. बाहेरची बाजू आजही हाताला येत नाही.

ताईच्या गोष्टीवर आमच्या मीटिंगमध्ये बचतीचा विषय बाजूला ठेवून तासभर बोलणं झालं. "नाही म्हटलं तर काम जाईल" असं एक जण म्हणाली, आणि ते खोटं नाही. शेवटी असं ठरलं की ताईने सरळ नाही म्हणायचं नाही. म्हणायचं, "बाई, लांब दांड्याचा रबरी वायपर आणून द्या, आतून हात पुरेल तेवढं करते, कट्ट्यावर चढणार नाही." घाबरत घाबरत ती तसं बोलली. वायपर आला. मालकीणबाई दोन दिवस गप्प होत्या, मग बोलायला लागल्या.

एका कोपऱ्यात वायपर पोचत नाही. तिथे पावसाळ्याचे ओघळ अजून तसेच आहेत, असं ताई परवा सांगत होती.