एकदाच मारलेली उडी

सेवा दलात वाढलेले आमचे आजोबा नेपाळच्या कोइरालांना नुसतं ‘बी. पी.’ म्हणत, आडनाव लावत नसत. काठमांडू त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण बी. पी. म्हणजे जयप्रकाशांचे सोबती, बेचाळीसच्या लढ्यात आपल्याकडे तुरुंगात गेलेले. १९५९ मध्ये नेपाळी काँग्रेसनं १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या, बी. पी. पंतप्रधान झाले आणि आमच्या वाड्यात म्हणे पेढे वाटले गेले. इथल्या समाजवाद्यांच्या नशिबी नसलेली हौस तिकडे फिटली.

म्हणूनच डॉ. तुलसी गिरींवर आजोबांचा एवढा राग. तराईतल्या सिराहाचा हा डॉक्टर बी. पीं.च्याच मंत्रिमंडळातला. १९६० मध्ये गिरींनी राजीनामा दिला. १५ डिसेंबरला थापाथलीत पक्षाच्या तरुणांचं अधिवेशन चालू असताना राजा महेंद्रांच्या लष्करानं बी. पीं.ना पकडलं. अकरा दिवसांनी राजानं स्वतःच्या अध्यक्षतेखाली मंत्रिमंडळ नेमलं, त्यात गिरी! पुढे पक्षांवर बंदी आली, पक्षांविना चालणारी पंचायत व्यवस्था आली, गिरी पंतप्रधानही झाले. बी. पी. आठ वर्षं सुंदरीजलला कैदेत.

“लष्कर राजाचंच ऐकणार. पण हा आपल्या पंगतीतून उठून गेला,” आजोबा म्हणायचे. त्यावर आजी स्वयंपाकघरातून विचारायची, “आणि तुमचे पक्ष किती झाले?” समाजवादी, प्रजा समाजवादी, संयुक्त समाजवादी, जनता. “पाट्या बदलल्या, आम्ही तिथंच आहोत,” हे आजोबांचं ठरलेलं उत्तर.

गिरींबद्दल मला जरा वेगळं वाटतं. त्यांनी उडी मारली ती एकदाच, आणि जिथं पडले तिथंच राहिले. डिसेंबर १९७६ मध्ये बी. पी. भारतातल्या विजनवासातून मायदेशी परतले आणि विमानतळावरच अटकेत गेले, तेव्हा पंतप्रधान गिरीच होते. पुढच्या वर्षी पद गेलं. नंतरची बरीच वर्षं श्रीलंकेत आणि बंगळूरमध्ये गेली. १९९० मध्ये पंचायत व्यवस्था संपल्यावर पंचायतवाल्यांनी पक्ष काढले, निवडणुका लढवल्या. गिरी त्या वाटेला गेले नाहीत. २००५ मध्ये राजा ज्ञानेंद्रांनी सत्ता हातात घेतली, तेव्हा ऐंशीला टेकलेले गिरी मंत्रिमंडळाचे उपाध्यक्ष म्हणून हजर! राजेशाही आणि लोकशाही एकत्र नांदू शकत नाहीत, हे त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं. २००८ मध्ये नेपाळनं ते मान्य केलं आणि राजाला नारायणहिटी राजवाड्यातून बाहेर काढलं.