कोयत्यामागची लेकरं

बीडमध्ये ऊसतोडीची उचल ठरते ती कोयत्यावर, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता. सोबतच्या लेकरांना या हिशेबात जागा नाही.

कायद्यात मात्र आहे. डिसेंबर १९५६ मध्ये हिंदू दत्तक व निर्वाह कायदा झाला. सज्ञान होईपर्यंत मुलाच्या निर्वाहाची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर. त्यात अन्नवस्त्र, निवारा, औषधपाणी आलं आणि, महत्त्वाचं म्हणजे, शिक्षणही. स्वतःचं भागवू न शकणाऱ्या अविवाहित मुलीचा हक्क त्यापुढेही टिकतो.

पण दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड फडावर गेलं, की शाळा गावातच राहते. म्हणून हंगामी वसतिगृहं आली. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृह योजनाही. शिक्षणाचा भार एकट्या आईबापांवर टाकणं अन्यायाचंच होतं. वसतिगृहं तोडणी सुरू होण्याआधी उघडलीच पाहिजेत.